माजी सैनिकांचे आरोग्य कार्ड : आजारापूर्वीच करावयाची तयारी

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणारी अनेक गावे आहेत. साताऱ्याजवळील अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. उमेदीची वर्षे सीमेवर घालवून जवान चाळिशीच्या सुमारास गावी परततो. त्याच्या आणि त्याच्या वृद्ध माता-पित्यांच्या आजारपणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यानंतर उभा राहतो. लष्करी रुग्णालये मोजकी आणि खेड्यांपासून दूर आहेत. ही उणीव ध्यानात घेऊन केंद्र सरकारने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. 'ईसीएचएस' या आद्याक्षरांनी ती सर्वत्र परिचित आहे.

कोणास लाभ मिळतो?

निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेले कुटुंबीय योजनेस पात्र ठरतात. मुलास २५ वर्षांपर्यंत, तत्पूर्वी नोकरी अथवा विवाह झाल्यास तोपर्यंत, लाभ मिळतो. मुलीस विवाह होईपर्यंत किंवा नोकरी लागेपर्यंत तो मिळतो. माता-पित्यांचे मासिक उत्पन्न महागाई भत्ता वगळून ९,००० रुपयांपेक्षा कमी असावे लागते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी विधवाही सभासद होऊ शकते.

सभासदत्वासाठी एकदाच अंशदान भरावे लागते. डिसेंबर २०१७ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंतच्या सैनिकांस ३०,००० रुपये, कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांस ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांस १,२०,००० रुपये ठरविण्यात आले. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तसेच युद्धविधवांना अंशदान माफ आहे.

अडचण नावाची

कार्डासाठी ऑनलाईन अर्ज करावा लागतो. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश (पी.पी.ओ.), आधार कार्ड, छायाचित्रे आणि अवलंबितांचे पुरावे ही त्यासाठी लागणारी मुख्य कागदपत्रे होत. अर्ज बहुधा अडतो तो पैशांमुळे नव्हे, तर नावांमुळे. भरतीच्या वेळी एका पद्धतीने लिहिलेले आईचे नाव आधारवर दुसऱ्या पद्धतीने येते. पत्नीचे माहेरचे नाव एका कागदावर, तर सासरचे दुसऱ्यावर असते. लष्करी अभिलेखात मुलाच्या जन्माची नोंदच झालेली नसते. अशी दुरुस्ती संबंधित अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यावी लागते व तीस वेळ लागतो. रुग्ण खाटेवर असताना ही धावपळ सुरू झाली, तर हक्क असूनही कुटुंबास कर्ज काढावे लागते.

कार्डाचा वापर

कार्डधारकाने प्रथम योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे. तेथे तपासणी होऊन औषधे मिळतात. अधिक उपचारांची गरज भासल्यास तेथील डॉक्टर लष्करी अथवा मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात. मान्यताप्राप्त रुग्णालयात रुग्णास रोख रक्कम भरावी लागत नाही. तातडीच्या प्रसंगी जवळच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल होता येते. मात्र रुग्णालय मान्यताप्राप्त नसल्यास ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळविणे आवश्यक असते. अशा वेळी बिल प्रथम स्वतः भरावे लागते आणि परतावा मंजूर दरांनुसारच मिळतो. हा नियम ठाऊक नसल्याने रास्त दावेही अडचणीत येतात.

गावाचा वाटा

या कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्गदर्शन करते. परंतु जन्मनोंदीचा उतारा ग्रामपंचायतीत आणि जन्मतारखेचा दाखला शाळेत असतो. ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातील माजी सैनिक व वीरपत्नी यांची यादी करून कोणाचे कार्ड नाही, कोणाच्या नावात तफावत आहे, हे पाहिल्यास बराचसा प्रश्न गावातच सुटेल. ज्यांचे पुत्र सैन्यात गेले त्या वृद्ध माता-पित्यांची नावे या यादीत आवर्जून तपासावीत. कारण कार्यालयापर्यंत स्वतः पोहोचणे त्यांनाच सर्वांत कठीण जाते.