सोलापूरचा परतीचा पाऊस

मृगाच्या सरी पडल्या म्हणजे पावसाळा आला आणि गणपती उठले म्हणजे तो संपला, अशी शहरात राहणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. सोलापूर जिल्ह्यास ती लागू नाही. आपल्याकडे वर्षातील सर्वांत अधिक पाऊस सामान्यतः सप्टेंबरात पडतो. सूर्य उत्तरा व हस्त या नक्षत्रांत असतो, म्हणजे सुमारे 13 सप्टेंबरपासून 10 ऑक्टोबरपर्यंत, त्या दिवसांकडे आपला शेतकरी डोळे लावून बसतो. हा पाऊस कशाने पडतो, त्याचा अंदाज कसा बांधतात आणि त्या अंदाजाचा उपयोग कोणता, या तीन गोष्टींचा येथे क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कारण पाहू. जूनपासून अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात व आपले बहुतेक पाणी तेथेच टाकतात. म्हणून महाबळेश्वरी वर्षास 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, तर पर्वताच्या पर्जन्यछायेत असलेल्या सोलापुरास सरासरीने 700 मिलिमीटरांच्या आसपासच मिळतो. जुलै-ऑगस्टात आपल्या डोक्यावरून ढग धावतात खरे, पण ते बहुधा रिकाम्या घागरींसारखे असतात. सप्टेंबरात पश्चिमेचे वारे ढिले पडू लागतात. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरात उत्पन्न होणारी कमी दाबाची क्षेत्रे कित्येकदा आंध्र व तेलंगण ओलांडून पश्चिमेकडे सरकतात. त्या बाजूस सह्याद्रीसारखी अखंड भिंत नसल्यामुळे बाष्प आपल्यापर्यंत पोचते. शिवाय दुपारच्या उन्हाने जमीन तापून हवा वेगाने वर चढते व गडगडाटी ढग बनतात. यामुळेच हा पाऊस बहुधा तिसऱ्या प्रहरानंतर येतो, विजा घेऊन येतो, आणि एका शिवारात बदाबदा कोसळून शेजारचे शिवार कोरडे ठेवतो.

आता अंदाजाविषयी. भारताच्या हवामान खात्याची स्थापना 1875 साली झाली. मोसमी वारे परतू लागले हे ठरविण्यास त्या खात्याने नियम घातले आहेत. 1 सप्टेंबरनंतर वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस नसावा, हवेतील बाष्प पुष्कळ कमी व्हावे आणि खालच्या थरांतील वाऱ्यांचे चक्र उलटे फिरावे, असे ते नियम होत. पश्चिम राजस्थानातून वारे परतण्याची सरासरी तारीख 2020 सालापासून 17 सप्टेंबर अशी धरली आहे. आपल्या भागातून ते साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात निघून जातात. परंतु सरासरी म्हणजे वचन नव्हे. 13 ऑक्टोबर 2020 रोजी उपसागरातील एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकिनाड्याजवळ किनाऱ्यास लागले, आणि दुसऱ्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले व उभी पिके पाण्यात गेली. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनेही असाच कहर केला.

यावरून अंदाज व्यर्थ आहे असे मात्र कोणी समजू नये. अंदाज दोन प्रकारचे असतात, हे ध्यानात ठेवावे. संपूर्ण ऋतूचा अंदाज विस्तीर्ण प्रदेशाविषयी असतो व तो संभवाच्या भाषेत सांगतात. अधिक पावसाचा संभव शेकडा 60 म्हटला, तर तशा दहा वर्षांपैकी सुमारे सहा वर्षी अधिक पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या बांधाच्या आतले तो सांगू शकत नाही. दोन-चार दिवसांचा अंदाज मात्र उपग्रह व रडार यांच्या साह्याने बराच नेमका होतो. त्यातील पिवळा, नारिंगी व तांबडा हे इशारे पालकांनी अवश्य पाहावेत.

शेतकऱ्यास याचे मोल फार. आपली शाळू ज्वारी पेरतात ती याच पावसाच्या ओलीवर; पुढे चार महिने ती काळ्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावरच वाढते. पेरणीवर लागलीच मुसळधार पडली तर बी वाहून जाते वा दडपते. पेरणी लांबली तर ओल खाली उतरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भाकरीचा गोडवा सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यामागे या आठ-दहा दिवसांची केवढी काळजी असते, हे थोड्यांस ठाऊक असते.

शहराच्या उत्तरेस आदिला नदीवर 1871 साली पुरा झालेला एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव आहे. त्याचा बांध सुमारे 2,360 मीटर लांब आहे. तलाव ढग ओढतो, असे कित्येक म्हणतात. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांविषयी असे म्हणणे योग्य होईल. तेथे शरदाच्या अखेरीस थंड वारे उबदार पाण्यावरून वाहतात व पलीकडच्या तीरावर हिम पाडतात. परंतु त्यांपैकी एकटे सुपीरियर सरोवरच महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठे आहे. आपला तलाव फार तर पहाटेचे धुके देईल. तो पाऊस आणीत नाही. आलेला पाऊस राखतो.

आणि राखण्याचे हे काम आपणांसही करता येण्यासारखे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जुळे सोलापुरातील 100 चौरस मीटरांच्या गच्चीवर 20 मिलिमीटरांची एक सर पडली, तर 2,000 लिटर पाणी हाती येते. ज्या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाची वाट पाहिली, त्याने ते गटारात सोडावे काय? विद्यार्थ्यांनी सरळ बाजूंचा एक डबा उघड्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी पट्टीने मोजावे व वहीत टिपावे. विजा चमकत असता मात्र झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या घराचा आश्रय घ्यावा.

पवित्र शास्त्रात आगोटीच्या व वळवाच्या पावसाचा उल्लेख वारंवार येतो. त्या देशातही पेरणी शरदातल्या पहिल्या पावसावर होत असे, आणि तेथील कुणबीही आपल्याप्रमाणेच आकाशाकडे पाहत असे. पाऊस देणे मनुष्याच्या हाती नाही. आधी मिळालेली सूचना ऐकणे आणि पडलेले पाणी वाया न घालविणे, एवढे आपल्या हाती आहे. तेवढे तरी यंदा प्रत्येक घराने करावे, अशी आमची विनंती आहे.