करडाचे पचन आणि बालपणीचा आहार

शेळी हा रवंथ करणारा प्राणी होय, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु नुकतेच जन्मलेले करडू रवंथ करू शकत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ही शक्ती त्यास हळूहळू प्राप्त होते, आणि पहिल्या काही आठवड्यांतील आहारावर ती बव्हंशी अवलंबून असते.

शेळीच्या जठराचे चार कप्पे असतात. पूर्ण वाढलेल्या शेळीत पहिला कप्पा सर्वांत मोठा असून त्यात असंख्य सूक्ष्म जीव वास करतात. गवत व पाला यांतील सेल्युलोज शेळीस स्वतः पचविता येत नाही. ते काम हे जीव करतात. करडात चौथा कप्पा, म्हणजे पाचकरस स्रवणारे खरे जठर, मोठा असतो. करडू आचळ चोखू लागले की अन्ननलिकेच्या शेवटी असलेल्या पन्हळीच्या कडा मिटतात आणि दूध पहिला कप्पा टाळून चौथ्याकडे जाते.

करडाचे पहिले अन्न म्हणजे चीक. रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भावस्थेत आईकडून मिळत नसल्याने ती चिकातूनच मिळवावी लागतात. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांतच करडास चीक पाजावा.

पुढे केवळ दुधावरच ठेवल्यास पहिला कप्पा लहान व पातळच राहतो. असे का व्हावे? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात वासरांवर प्रयोग झाले. त्यांवरून असे दिसून आले की, कप्प्याच्या आतील अंकुरांची वाढ मुख्यतः अन्न आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे, विशेषतः ब्युटिरिक आम्लामुळे, होते. हे अंकुरच पोषक द्रव्ये शोषून घेतात. धान्याच्या भरड्यापासून हे आम्ल अधिक तयार होते, तर चाऱ्यामुळे कप्प्याचा आकार व स्नायू वाढतात. म्हणून दोन्ही हवीत. चाऱ्यावाचून धान्यच फार दिल्यास पोटात आम्लता वाढून अपाय होतो.

यावरून पाळणाऱ्याने काय करावे, हे उघड आहे. दुसऱ्या आठवड्यापासून करडापुढे कोवळा पाला, थोडा भरडा व स्वच्छ पाणी ठेवावे. आरंभी ते केवळ हुंगेल, चाटेल. तरी तेवढ्यानेही उपयुक्त सूक्ष्म जीव पोटात जाऊ लागतात. आईच्या सहवासातूनही ते मिळतात. साधारणतः दोन महिन्यांच्या सुमारास पहिला कप्पा बरेच काम करू लागतो.

दूध विकून चार पैसे मिळावेत म्हणून करडास लवकर तोडण्याचा मोह गरीब कुटुंबास होणे स्वाभाविक आहे. परंतु पोट तयार होण्यापूर्वीच दूध एकाएकी बंद केल्यास करडू चारा खाऊनही अर्धपोटी राहते, त्याची वाढ खुंटते आणि ते रोगास सहज बळी पडते. म्हणून करडू नेमाने चारा खाऊ लागल्याचे पाहूनच दूध क्रमाक्रमाने कमी करावे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिलेले दूध वाया जात नाही; उद्याची सशक्त शेळी त्यातूनच घडते.