नानाची पेटी घेताना

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, नानाच्या साठीला जुन्या रेडिओसारखी दिसणारी ब्लूटूथची पेटी घेणार. फोटोही पाठवलास. लाकडी अंग, सोनेरी जाळी, पितळी बटणं, वर कातडी मूठ. फोटो बघून मलाच ती घ्यावीशी वाटली आणि तिथंच मी सावध झालो. माढ्यात पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले मी. रूपाला भुलून माणसं काय काय विकत घेतात आणि महिन्याभरात माझ्या टेबलावर आणून ठेवतात, ते पाहिलंय. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहितोय. पैसे द्यायच्या आधी वाच.

आपल्या सोप्यातल्या कोनाड्यातला मर्फी तू पाहिलास तेव्हा त्यात नुसती झुरळं राहत होती. मी आणि नाना लहान होतो तेव्हा तो चालू केला की अर्धा मिनिट काहीच व्हायचं नाही. व्हॉल्व्ह तापायचे, आत तांबडं दिसायला लागायचं, मग हळूच घूं करून आवाज यायचा. त्या रेडिओची ताकद किती असेल? तीन-चार वॅट. तेवढ्यावर अख्खी गल्ली बातम्या ऐकायची. कारण आत आठ इंची कागदी कोनचा स्पीकर, भोवती हातभर लाकडी पेटी, मागं भोकं पाडलेला पुठ्ठा. हवा हलवायला जागा होती.

आता खोक्यावर साठ, शंभर असे आकडे छापलेले दिसतील. त्यानं दबू नकोस. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं चढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. आणि मुठीएवढ्या स्पीकरला आपल्या मर्फीइतका आवाज काढायला मुळातच जास्त वॅट जाळावे लागतात. ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा तर वाचूच नकोस, तो जाहिरातवाल्यानं आपल्या मनानं लिहिलेला असतो. ‘आरएमएस’ बघ. नानाच्या खोलीला वीस आरएमएस पुष्कळ.

दुकानात गेलीस की आधी बोटाच्या पेरानं पेटी वाजव. बाजारात माठ घेताना वाजवतो तशी. माठ टणकन वाजला तर चांगला, पेटीचं उलटं आहे. टण वाजली तर भिंत पातळ आहे, गाण्याबरोबर तीही गाणार. ठक असा बसका, मेलेला आवाज आला पाहिजे. मग सरळ उलटी कर. दुकानदार बघत राहील, बघू दे. मागं किंवा तळाला स्क्रू दिसतायत का? सगळं डिंकानं चिकटवलेलं असेल तर बॅटरी गेली की पेटी गेली. मी स्वतःच चार वर्षांपूर्वी असली एक घेतली होती, नाव सांगत नाही. दीड वर्षात बॅटरी तासाभरावर आली. उघडायला गेलो तर स्क्रू कुठंच नाही, पुढची जाळी उचकटावी लागली आणि जाळीबरोबर कापडही फाटलं. रेडिओ मेकॅनिकच्या घरात ही गत.

बटणं फिरवून बघ. डुगडुगतं का, की घट्ट फिरतं? काही पेट्यांत आवाजाचं बटण नुसतं गोल गोल फिरत राहतं, त्याला आरंभ-शेवट नसतो. तरुणांना चालतं. नानाला मात्र बटण एका जागी अडलेलं कळलं पाहिजे. सकाळी अंधारात उठून तो चाचपून लावणार. डायल असेल तर तिचा काटा खरंच सरकतो का तेही बघ. बऱ्याच ठिकाणी डायल नुसती रंगवलेली असते. मला राग येतो तो याचा. डायलचा काटा सरकवणारी दोरी बसवताना मी किती बोटं कापून घेतली आणि हे लोक दोरीच काढून टाकून डायलचं चित्र लावतात. मूठ रेक्झिनची असेल तर माढ्याच्या उन्हाळ्यात दोन वर्षांत तिची सालं निघतील, एवढं धरून चाल.

तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोतली काळी पेटी, मोठ्या पांढऱ्या अक्षरांची मार्शल. तिचं रूप रेडिओचं नाहीच. ते गिटारच्या अँप्लिफायरचं रूप आहे, लंडनच्या जिम मार्शलनं १९६२ साली बनवायला घेतले त्यांचं. नानानं आयुष्यात गिटारचा अँप्लिफायर पाहिला नाही. त्याला ती जुनी वाटणार नाही, बँकेतल्या तिजोरीसारखी वाटेल.

आता ऐकायचं कसं. दुकानदार आपलं गाणं लावेल, आणि महागातली पेटी जरा मोठ्यानं लावेल. मोठं ते चांगलं असंच कानाला वाटतं, मलासुद्धा वाटतं. दोन पेट्या ताडून बघायच्या तर दोन्हींचा आवाज तू स्वतः सारखा कर. गाणीही तुझ्याच फोनमधली घेऊन जा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली नकोत, त्यांचा बऱ्याचदा आधीच चोथा झालेला असतो. तीन गोष्टी ने. एक भीमसेनजींचा अभंग, एक लताबाईंचं जुनं गाणं आणि पाच मिनिटं नुसतं बोलणं, बातम्या किंवा कीर्तन.

अभंगात गळा ऐकायच्या आधी डग्गा ऐक. तबलजी मनगट दाबून डग्ग्यावर घसीट काढतो, तेव्हा सूर खालून वर सरकतो. चांगल्या पेटीत ते सरकणं दिसतं म्हटलं तरी चालेल. वाईट पेटीत प्रत्येक थाप एकाच सुरात ढब, ढब, ढब. पेटीला आतून भोक पाडून तो एकच सूर फुगवलेला असतो आणि लोक त्याला बेस म्हणतात. त्याच गाण्यातला टाळ ऐक. टाळाची किणकिण मागं थोडी लांबली पाहिजे. पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाटली तर पेटी खाली ठेव.

मग आवाज पाव कर, अर्धा कर, पूर्ण कर. या छोट्या पेट्या हुशार असतात. कमी आवाजात आतली चिप खालचा सूर वाढवून देते, त्यामुळं गाणं भरलेलं वाटतं. पूर्ण केलं की स्पीकर फाटू नये म्हणून तीच चिप तो काढून घेते आणि गाणं किरटं होतं. यात फसवणूक नाही, तीन इंची कोनकडून आणखी काय होणार? पण नाना पूर्ण आवाजात ऐकणार नाही. पहाटे पाचला, तुझी आई झोपलेली असताना, तो पाव आवाजात ऐकणार. म्हणून पावावरच्या परीक्षेला जास्त मार्क दे.

डावं-उजवं, स्टीरिओ, याला जादा पैसे मोजू नकोस. एका हातभर खोक्यात दोन स्पीकर शेजारी बसवले तर सहा फुटांवर बसलेल्याला ते एकच. आणि नानाची जुनी गाणी बहुतेक एकाच पट्टीत भरलेली. त्यांत डावं-उजवं नव्हतंच.

फोनचं मात्र नीट ध्यानात घे, इथंच सगळे चुकतात. ब्लूटूथवर गाणं फोनमधून येतं. नाना फोन खिशात घालून गोठ्यात जाणार. मोकळ्यात दहा मीटर चालतं ते, आपल्या दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीपलीकडं अडखळतं. आणि गाण्याच्या मध्येच फोन आला की सोप्यात मोठ्यानं घंटा, आणि तिकडून सोसायटीचा माणूस कर्जाच्या हप्त्याचं बोलणार ते पाहुण्यांसकट सगळ्यांना ऐकू जाणार. म्हणून फोनशिवाय चालणारी सोय हवीच. सारेगामानं २०१७ साली कारवाँ आणला तो त्यातल्या स्पीकरसाठी विकला गेला नाही. पाच हजार गाणी आत भरलेली, फोन नको, इंटरनेट नको, बटण फिरवलं की लताबाई. पुढं मराठीचाही निघाला. तो घे असं म्हणत नाही मी, पण पेनड्राइव्ह किंवा कार्ड लावायची फट आणि रेडिओ या दोन गोष्टी सोडू नकोस. टीव्हीला जोडणार असाल तर वायरीची फट पण बघ. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो.

रेडिओ म्हणजे एफएम. दिसायला १९६० चा असला तरी बऱ्याच पेट्यांत मिडियम वेव्ह नसतोच. सोलापूर आकाशवाणी १०३.४ वर लागते. पुण्याच्या दुकानात पुण्याची स्टेशनं खणखणीत लागतील, त्यावर काही ठरवू नकोस. ओढून लांब करायची एरियल आहे का बघ, आणि इथं आणून सोलापूर लागलं नाही तर आठ दिवसांत परत घेणार का, ते बिलावर लिहून घे.

बॅटरी असू दे. वीज जाते तेव्हाच नानाला गाणं आठवतं. पण लावून ठेवलेल्या चार्जरवरही पेटी वाजली पाहिजे. बॅटरीवर आणि अडॅप्टरवर बीआयएसची खूण आणि इंग्रजी आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घे. आणि ती खिडकीत उन्हाला ठेवायची नाही, लिथियमला माढ्याचा मे महिना सोसत नाही.

घरी आणल्यावर नाना ती कोनाड्यात ठेवायला जाईल, मर्फीच्या जागी. ठेवू देऊ नकोस. भोक मागं असलेली पेटी कोनाड्यात ठेवली की कोनाडाच वाजायला लागतो, घुमघुम होतं आणि शब्द बुडतात. भिंतीपासून वीतभर पुढं, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. जुन्या माळवदाच्या सोप्यात ठेवलीस तर उत्तम. वर लाकूड, भिंतीला माती, आवाज मुरतो. नव्या स्लॅबच्या खोलीत खाली फरशी, वर सिमेंट, टाळी वाजवली तर परत येते. तिथं ठेवायची तर आधी खाली सतरंजी अंथर आणि मग पेटीला नावं ठेव.

मला दुकानात बोलावू नकोस. वरचे सूर वयाबरोबर आधी जातात. टाळाची किणकिण मला आता आठवणीनं ऐकू येते, कानानं नाही. स आणि फ यांतला फरकही जरा अंदाजानंच. तुझ्या मामाच्या धाकट्या पोराला ने, त्याला सगळं ऐकू येतं. पण बोलण्याची चाचणी नानाच्या जागी बसून कर. शब्द कळत नसतील तर आवाज वाढवून उपयोग नाही, गोंगाटच वाढतो. खालचा सूर कमी आणि मधला जास्त करायचं बटण असेल तर शब्द वर येतात. म्हणून नुसत्या बेसच्या बटणापेक्षा दोन बटणांची घे.

आणि पेटी त्याच्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेव. उजव्या कानानं त्याला दोन वर्षं झाली कमी ऐकू येतं. तुला सांगणार नाही तो, मलाही सांगितलेलं नाही. देवळात शेजारी बसलो की तो आपोआप माझ्या उजवीकडं येऊन बसतो, त्यावरून कळलं.

तात्या