तळाशी राहणारा कोरिडोरस

घरगुती मत्स्यालयात कोरिडोरस हा दोन-अडीच इंची मासा बहुधा सफाई कामगार म्हणूनच आणला जातो. ही समजूत त्याच्या जिवावर बेतते. दक्षिण अमेरिकेतील नद्या-ओढ्यांच्या या रहिवाशाला इतर माशांचे उष्टे पुरत नाही. विष्ठा तर तो खातच नाही. दिवा मालवताना तळाशी बुडणारे खाद्य त्याच्यासाठी वेगळे टाकावे. मिशांनी वाळू चाळून तो अन्न शोधतो. टोकदार खडी वा कुजका गाळ असल्यास मिशा झिजतात. म्हणून बारीक, धुतलेली वाळू पसरावी. एकाच जातीचे किमान ६ मासे एकत्र ठेवावेत. मधूनच वर झेपावून तो हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. मात्र सगळेच वारंवार वर येऊ लागले, तर थोडे पाणी त्वरित बदलावे.