वेगवान पिकअप ट्रकचे आयुष्य

१९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत तयार होणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांच्या अंतरमापकावर पूर्ण मैलांसाठी पाचच आकडे असत. ९९,९९९ मैल पुरे झाले की सारे आकडे पुन्हा शून्यावर येत आणि गाडीचा हिशेब नव्याने सुरू होई. एक लाख मैल, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटर, एवढे अंतर काटले की गाडीचे आयुष्य संपत आले असा सर्वसाधारण समज होता. पुढे ही स्थिती पालटली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवरील मोटारी व हलके ट्रक यांचे सरासरी वय साडेबारा वर्षांवर गेलेले होते.

साध्या, संथपणे वापरल्या जाणाऱ्या वाहनाचे आयुष्य असे वाढले हे खरे. पण जे वाहन मुळात वेगासाठी घडविले गेले त्याचे काय? या प्रश्नाचा विचार येथे एका ठरावीक वाहनाच्या आधारे करावयाचा आहे.

दुहेरी पिंडाचे वाहन

पुढे चालकाची केबिन आणि मागे माल ठेवण्याचा उघडा हौदा अशी पिकअप ट्रकची रचना असते. अमेरिकेतील शेतकरी, सुतार, गवंडी यांचे हे रोजचे साधन आहे. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून तेथे सर्वाधिक खपणारी ट्रकमालिका ठरली. अशा कष्टाळू वाहनात शर्यतीच्या मोटारीचे बळ भरण्याचे प्रयोग अनेक कंपन्यांनी केले. शेव्हरोलेची ४५४ एसएस (१९९०), जीएमसीची सायक्लोन (१९९१) आणि डॉज रॅम एसआरटी-१० (२००४) ही त्यांपैकी काही प्रसिद्ध उदाहरणे होत.

आपण फोर्ड एफ-१५० लाइटनिंगच्या दुसऱ्या पिढीचे उदाहरण घेऊ. (२०२२ मध्ये विक्रीस आलेल्या विजेवर चालणाऱ्या ट्रकलाही हेच नाव देण्यात आले, त्याचा येथे संबंध नाही.) ही पिढी १९९९ ते २००४ या काळात कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, ओकव्हिल येथील कारखान्यात तयार झाली. तिचे इंजिन ५.४ लिटरचे व आठ सिलिंडरांचे होते. साध्या एफ-१५० मध्ये हेच इंजिन २६० अश्वशक्ती देत असे. लाइटनिंगमध्ये त्याला सुपरचार्जर जोडून प्रथम ३६० आणि २००१ पासून ३८० अश्वशक्ती मिळविण्यात आली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरांत नेहमीपेक्षा अधिक हवा कोंबतो. हवा अधिक म्हणून इंधन अधिक जळते आणि शक्ती वाढते. सुमारे २,१०० किलोग्रॅम वजनाचा हा ट्रक उभ्या स्थितीतून ताशी ९६ किलोमीटरचा वेग सुमारे साडेपाच सेकंदांत गाठत असे.

या पिढीतील सर्वांत धाकटा ट्रकही आता वीस वर्षांहून जुना झाला आहे. तरीही हे ट्रक विकले व विकत घेतले जातात. घेणाऱ्यांत धनिक संग्राहक असतात, तशीच तरुणपणी हा ट्रक पाहून मनात ठेवलेली इच्छा पन्नाशीत पुरी करू पाहणारी साधी माणसेही असतात. अशा माणसाची बरीचशी शिल्लक या व्यवहारात जाते. एवढेच नव्हे, तर त्याचा व त्याच्याबरोबर बसणाऱ्यांचा जीवही त्या वाहनावर सोपविलेला असतो. म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

कल्पना करा, अशा माणसासमोर २००२ साली तयार झालेले दोन लाइटनिंग उभे आहेत. पहिला मिशिगन राज्यातील असून ६०,००० मैल चाललेला आहे. दुसरा ॲरिझोनातील असून १,६०,००० मैल चाललेला आहे. किंमत सारखीच आहे. त्याने कोणता घ्यावा? उत्तर देण्यापूर्वी वाहनाचे आयुष्य कोणकोणत्या मार्गांनी संपते हे पाहिले पाहिजे.

झीज

पहिला मार्ग झिजेचा. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर घासले की ते झिजतात. इंजिनात त्यांच्यामध्ये वंगणाचा पातळ थर असतो. तो टिकून राहील तोवर धातूचा धातूला स्पर्श जवळजवळ होतच नाही. इंजिन थंड असताना सुरू केले की काही क्षण हा थर पुरता तयार झालेला नसतो आणि झिजेचा मोठा वाटा त्या अवस्थेत पडतो.

म्हणूनच मैलांचा आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. लुइझियाना राज्यातील एका चालकाच्या २००७ सालच्या टोयोटा टुंड्रा पिकअपने २०१६ मध्ये दहा लाख मैल पुरे केले, तेही मूळ इंजिनावर. नऊ वर्षांत दहा लाख मैल म्हणजे दररोज सरासरी ४९० किलोमीटर. एवढे चालणारे इंजिन दिवसाचा बराच वेळ गरम असते आणि एकसारख्या गतीने फिरते. त्याउलट, आठवड्यातून एकदा दोन मैल नेऊन परत आणलेल्या ट्रकचे इंजिन पुरते तापतच नाही. ज्वलनातून निर्माण झालेले पाणी वंगणात साचते आणि थोड्या मैलांतही झीज होते.

या बाबतीत लाइटनिंगची प्रकृती भक्कम आहे. त्याच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आहे. साध्या एफ-१५० मधील याच घराण्यातील इंजिने वेळच्या वेळी वंगण बदलल्यास दोन लाख मैलांपलीकडे गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लाइटनिंगचे चार गतींचे स्वयंचलित गिअरबॉक्सही मोठ्या डिझेल ट्रकांत वापरल्या जाणाऱ्या जातीचे आहे. मात्र त्याचे आयुष्य त्यातील तेलावर अवलंबून असते. वारंवार जोरात वेग घेतला की हे तेल तापते, तापले की त्याचे गुण नष्ट होतात आणि आतील क्लचच्या चकत्या घसरू लागतात. करपलेल्या वासाचे काळपट तेल हे जवळ आलेल्या खर्चाचे लक्षण समजावे.

ताण आणि शिणवटा

दुसरा मार्ग शिणवट्याचा. तारेचा तुकडा एकदा वाकविल्याने तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकविला तर तुटतो. धातूच्या या गुणधर्माला शिणवटा म्हणतात. पोलादावरील ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते असे कोट्यवधी हेलकावे सोसू शकते. मर्यादा ओलांडली की प्रत्येक हेलकावा त्याच्या आयुष्यातून काही ना काही वजा करतो.

कारखान्यातील अभियंत्यांनी ही मर्यादा ओळखून लाइटनिंगची रचना केली होती. साध्या इंजिनात मिश्रणाचे आकारमान नऊपट दाबले जाते; लाइटनिंगमध्ये हे प्रमाण ८.४ वर आणले गेले, कारण सुपरचार्जरने आधीच दाबलेली हवा आणखी दाबली तर इंधन अवेळी पेटून पिस्टनवर घणाचे घाव बसतात. याच कारणासाठी या ट्रकला उच्च प्रतीचे पेट्रोल लागते.

परंतु मालकाला ही मर्यादा मानवेलच असे नाही. सुपरचार्जरची कप्पी बदलून लहान बसविली की पंप अधिक जलद फिरतो, हवेचा दाब वाढतो आणि थोड्या खर्चात बरीच अश्वशक्ती हाती येते. अनेक लाइटनिंगांच्या बाबतीत हेच घडले. मात्र पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे तेच राहतात. ते धातूच्या भुकटीपासून घडविलेले असून मूळ शक्तीला पुरेसे आहेत; वाढीव शक्तीचा भार ते किती काळ वाहतील याची शाश्वती नसते. दांडा तुटला तर तो बिडाचा ठोकळा फोडून बाहेर येतो आणि दोन लाख मैलांची लायकी असलेले इंजिन क्षणात भंगार होते. वेगवान ट्रकच्या आयुष्यावर त्याच्या शक्तीपेक्षा त्या शक्तीच्या हव्यासाचा परिणाम अधिक होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

या इंजिनात एक जन्मजात उणीवही आहे. त्याचे सिलिंडर-हेड ॲल्युमिनियमचे असून त्यात स्पार्क प्लग धरून ठेवणारे आटे संख्येने फारच थोडे आहेत. प्लग सैल बसला असेल तर आतील दाबाने आटे तुटतात आणि प्लग बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकला जातो. सुदैवाने हा रोग साध्य आहे: भोक मोठे करून त्यात धातूची आटेदार नळी बसविली की हेड पुन्हा कामाचे होते. प्लग योग्य जोराने आवळणे आणि तो अधूनमधून तपासणे हा त्यावरील स्वस्त उपाय होय.

गंज

तिसरा मार्ग गंजाचा आणि तो सर्वांत अधिक घातक आहे. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. खारट पाण्यातून विद्युत् प्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया मूलतः विद्युत्-रासायनिक असल्यामुळे ती झपाट्याने होते. समुद्रकाठच्या घरांतील खिडक्यांच्या गजांची जी अवस्था होते तीच येथे ट्रकच्या खालच्या बाजूची होते.

पिकअपचा सारा भार पोलादी चासीवर असतो. तिच्या पेटीसारख्या पोकळ भागांत खारट चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे वरून रंग शाबूत दिसत असताना आतील पोलाद कागदासारखे झालेले असू शकते. ब्रेकच्या तेलाच्या पोलादी नळ्याही अशाच पोखरल्या जातात. हा धोका काल्पनिक नाही. १९९७ पासूनच्या एफ-१५० मालिकेत इंधनटाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या गंजून तुटू लागल्यामुळे मीठ वापरणाऱ्या राज्यांतील सुमारे ११ लाख वाहने कंपनीने २०११ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलाविली.

इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येते. पण चासी कुजली तर ज्यावर हे सारे बसवावयाचे तो आधारच उरत नाही. तिची खरी दुरुस्ती करण्यास जो खर्च येतो, तो बहुधा वाहनाच्या मोलाहून जास्त होतो.

नुसते वय

चौथा मार्ग केवळ काळाचा आहे. रबर, प्लॅस्टिक आणि तारांवरील आवरणे ट्रक उभा असला तरी म्हातारी होत असतात. पाण्याच्या नळ्या, इंधनाचे जोड, ब्रेकमधील रबरी कड्या यांना वीस वर्षे हे वय फार झाले. टायरचा नक्षीदार पृष्ठभाग न झिजताही त्याचे रबर कडक होऊन चिरते. म्हणून टायर खोलीवरून न पारखता त्यावर छापलेल्या निर्मितीच्या तारखेवरून पारखावा. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पोलाद सुखरूप राहते, पण तेथील ऊन रबर, रंग व डॅशबोर्ड यांना भाजून काढते.

लाइटनिंगच्या सुपरचार्जरखाली दाबलेली हवा थंड करणारे पाण्याचे साधन असते. ते गळू लागले तर पाणी सिलिंडरात शिरू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळला की दांडा वाकतो. म्हणून शीतकाची पातळी कारणावाचून उतरत असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नये.

सुटे भाग

शेवटचा मार्ग यंत्राच्या बाहेरचा आहे. ओकव्हिलचा तो कारखाना २००४ मध्ये बंद झाला. दुसऱ्या पिढीचे एकूण सुमारे २८,००० लाइटनिंग तयार झाले. त्यांचे दरवाजे, काचा, बेअरिंग यांसारखे बरेच भाग साध्या एफ-१५० शी जुळतात आणि ते ट्रक लाखोंनी बनल्यामुळे हे भाग मोडीच्या आवारांतही सापडतात. परंतु सुपरचार्जर, त्याखालील शीतनसाधन, खास बंपर अशा वस्तू दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार. जे वाहन साध्या वाहनाशी जितके जवळचे नाते राखून असते तितके ते अधिक काळ रस्त्यावर राहू शकते.

निष्कर्ष

आता त्या दोन ट्रकांकडे परत येऊ. अंतरमापकावरील लहान आकडा पाहून मन प्रथम मिशिगनच्या ट्रककडे ओढ घेते. पण वरील विवेचनानंतर वाचकाच्या ध्यानात येईल की १,६०,००० मैलांनी झालेली झीज मोजता येते व पैसे खर्चून भरून काढता येते. वीस हिवाळ्यांच्या मिठाने झालेली हानी बहुधा भरून निघत नाही. चासी निर्दोष असेल, मूळ रचनेत फेरफार नसतील आणि देखभालीच्या नोंदी हाती असतील तर ॲरिझोनाचा ट्रकच श्रेयस्कर. त्याच्या सर्व रबरी नळ्या आणि टायर बदलण्याची रक्कम मात्र खरेदीच्या किमतीतच धरली पाहिजे. मिशिगनचा ट्रक घ्यावयाचाच असेल तर तो आधी उंच उचलावा, हातोडीने चासी ठोकून पाहावी व टोच्याने पोकळ भाग तपासावेत. ठणठणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला, किंवा टोच्या आत गेला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

वाहनाचे वय कायद्याला वर्षांत मोजावे लागते. भारतात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नव्याने करावी लागते. अमेरिकेतील अनेक राज्ये पंचवीस वर्षे पुऱ्या झालेल्या वाहनाला ऐतिहासिक वाहनाचा दर्जा देतात, आणि १९९९ सालचे लाइटनिंग २०२४ मध्ये त्या वयाला पोहोचले. यंत्राला स्वतःला मात्र असा एकच वाढदिवस नसतो. त्यातील प्रत्येक भागाचे वय निराळे असते आणि सर्वांत आधी म्हातारा होणारा, बदलता न येणारा भागच साऱ्या वाहनाचे आयुष्य ठरवितो. तो भाग कोणता हे ओळखून ज्या मालकाने वेळीच त्याची काळजी घेतली, त्याचा वेगवान ट्रक तीस वर्षेही चालू शकेल. ज्याने ती घेतली नाही, त्याला अंतरमापकावरील लहान आकडा वाचवू शकणार नाही.