ठिपकेदार डोळ्यांची माशी
(निसर्गपरिचय : शिक्षकांच्या उपयोगासाठी)

पावसाळा सरत आला म्हणजे शाळेच्या बागेतील झेंडूवर व फुलोऱ्यास आलेल्या कोथिंबिरीवर मधमाशीसारखा दिसणारा एक कीटक घिरट्या घालताना आढळतो. मध्येच तो हवेत एका जागी स्थिर राहतो व क्षणात बाजूस सरकतो. मुले त्यास मधमाशी समजून पाटीने झोडपतात. वास्तविक ही सिर्फिड कुलातील माशी होय. तिला नांगी नसते व ती चावतही नाही.

तथापि एवढेच सांगून पाठ संपविणे धोक्याचे आहे. तसे ऐकलेला विद्यार्थी उद्या खऱ्या मधमाशीस मुठीत धरावयाचा! म्हणून प्रथम भेद शिकवावा. माशीस पंखांची एकच जोडी असते, मधमाशीस दोन. परंतु मधमाशीचे पुढील व मागील पंख सूक्ष्म आकड्यांनी जोडलेले असल्याने एकच जोडी भासते. सबब जिवंत कीटकाचे पंख मोजण्याच्या खटपटीत पडू नये. शृंगिका पाहाव्यात. मधमाशीच्या शृंगिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या, तर या माशीच्या अगदी आखूड असून प्रत्येकीवर एक बारीक केस असतो. खात्री होईपर्यंत कीटकास हात लावू देऊ नये.

सिर्फिड कुलात सुमारे ६,००० जाती आहेत. त्यांपैकी येथे एरिस्टॅलिनस हा वंश घेतला आहे. रोंदानी या इटालियन शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये त्यास हे नाव दिले. या वंशाची खूण डोळ्यांत आहे. फिकट डोळ्यांवर गडद ठिपके विखुरलेले असतात. टीनिऑप्स या जातीत मात्र ठिपक्यांऐवजी उभे पट्टे असतात. भारतात आढळणाऱ्या आर्व्होरम जातीचे डोळे ठिपकेदार असतात. साध्या बहिर्गोल भिंगातूनही हे स्पष्ट दिसते.

जवळचा वंश एरिस्टॅलिस. दोहोंच्याही पंखांत एक शीर मध्येच खाली झोल घेते, त्यामुळे केवळ पंखांवरून निर्णय होत नाही. एरिस्टॅलिसच्या डोळ्यांवर असे ठिपके नसतात. त्यातील टेनॅक्स ही जाती मधमाशीशी फारच मिळतीजुळती आहे. मेलेल्या बैलाच्या कलेवरातून मधमाश्या जन्मतात, अशी प्राचीन ग्रीक-रोमन लोकांची समजूत होती. तिचे मूळ हीच माशी असावी, असे ओस्टेन-साकेन या कीटकशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये प्रतिपादिले. जाणते लोकही फसले, तेथे मुलांस दोष कसा द्यावा?

एरिस्टॅलिनसची अळी शेणमिश्रित डबक्यात वा तुंबलेल्या गटारात राहते व कुजक्या पदार्थांतील सूक्ष्म जंतूंवर जगते. तिच्या मागील टोकास उंदराच्या शेपटीसारखी नळी असते. दुर्बिणीच्या नळकांड्याप्रमाणे ती लांब-आखूड होते, आणि तिचे टोक पाण्याबाहेर ठेवून अळी श्वास घेते. अशी अळी पाणवठ्याशेजारी दिसल्यास तेथील पाणी कुजत आहे हे ओळखून निचऱ्याची व्यवस्था करावी.

शक्य असल्यास दोन-तीन अळ्या डबक्यातील पाण्यासह रुंद तोंडाच्या बरणीत ठेवाव्यात. एका बाजूस ओलसर मातीचा उतार करावा व तोंडास मलमल बांधावी. पूर्ण वाढलेली अळी पाण्याबाहेर मातीत शिरून कोशावस्थेत जाते. हाताळणीनंतर मुलांस साबणाने हात धुवावयास लावावे. माशी बाहेर पडल्यावर बरणीच्या काचेतूनच तिचे डोळे पाहावेत आणि मग तिला बागेत सोडावे.