बर्बनची बाटली राजापुरात कितीला पडते?

मे महिन्यात मुंबईहून गावी येणारे चाकरमानी, आखातातून सुट्टीवर आलेला घरातला मुलगा आणि महामार्गावरून गोव्याची फेरी मारून आलेले मित्र, अशा तीन वाटांनी बर्बनची बाटली राजापुरातल्या घरात पोचते. चौथी वाट परवानाधारक दुकानाची. चारही वाटांचा भाव वेगळा आहे. त्यांतली जी सगळ्यांत स्वस्त दिसते, तीच सगळ्यांत महाग पडू शकते.

चांगल्या व्हिस्कीच्या किमतीत तीन गोष्टींचे पैसे असतात: कर, काळ आणि लाकूड. करावर आपला इलाज नाही. काळाचे आणि लाकडाचे पैसे मात्र समजून मोजावेत, कारण महागडी बाटली घेऊन निराश होणारे बहुतेक जण इथेच फसतात.

बर्बन नेमकी कशाला म्हणायची?

बर्बन ही व्हिस्की अमेरिकेतच बनते आणि तिचे नियम कायद्याने ठरलेले आहेत. धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो. मद्य आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावं लागतं. पिंपात भरताना त्यातलं अल्कोहोल ६२.५ टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि बाटलीत ते ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. लेबलवर ‘स्ट्रेट’ लिहिलं असेल तर मद्य निदान दोन वर्षं मुरलेलं असतं. ‘बॉटल्ड-इन-बॉन्ड’ हा शब्द १८९७ सालच्या अमेरिकी कायद्यातून आला. एकाच डिस्टिलरीचं, एकाच हंगामाचं, निदान चार वर्षं मुरलेलं आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलचं मद्य, असा त्याचा अर्थ. या दोन शब्दांमागे कायदा उभा आहे, म्हणून त्यांना पैसे द्यावेत. ‘स्मॉल बॅच’ या शब्दाला अशी कायदेशीर व्याख्या नाही. केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

कराचा हिशेब

आयात मद्यावर भारतात एरवी १५० टक्के सीमाशुल्क आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने फक्त बर्बनसाठी ते १०० टक्क्यांवर आणलं. समजा, बंदरात उतरताना एका बाटलीची किंमत १००० रुपये आहे. बर्बन असेल तर सीमाशुल्कानंतर ती २००० रुपयांची होते. १५० टक्के भरणारी दुसरी व्हिस्की असेल तर २५०० रुपयांची. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात स्कॉचवरचं शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. म्हणजे स्कॉच आणि बर्बन यांच्या भावातलं अंतर पुढे बदलत जाईल.

त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, घाऊक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा नफा चढतो. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात मद्यावरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं होतं. जून २०२५ मध्ये मोठी वाढ झाली, पण तिचा मुख्य भार देशात बनणाऱ्या स्वस्त गटातल्या विदेशी मद्यावर पडला. त्याच वेळी १८० मिलिलीटरची किमान किरकोळ किंमत ठरली: देशी मद्य ८० रुपये, महाराष्ट्रात धान्यापासून बनणारं मद्य १४८ रुपये, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ रुपये आणि प्रीमियम विदेशी मद्य ३६० रुपये.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. त्या हिशेबाने ७५० मिलिलीटरला १५०० रुपये होतात. ‘आयात बर्बन आहे, हजारात देतो’ असं कुणी म्हणत असेल, तर बाटली बेकायदा आलेली असते किंवा आतला माल बनावट असतो. जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही. सील, झाकण, छापील किंमत आणि आयातदाराचं नाव पाहिल्याशिवाय बाटली घेऊ नका.

परवाना: सगळ्यांत स्वस्त खर्च

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना मिळतो, एक वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना. स्पिरिटसाठी वय २५ पूर्ण हवं. वर्षातून दोन-चार बाटल्या घेणाऱ्यालाही आजीवन परवाना परवडतो. गाडीत बाटली असताना नाक्यावर विचारणा झाली, तर दुकानाची पावती आणि परवाना हे दोन कागद सगळे प्रश्न मिटवतात.

राजापूर तालुक्यात दुकानं आहेत, पण बर्बनची निवड मोजकीच असते. जास्त प्रकार पाहायचे तर रत्नागिरी, नाहीतर अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठावं लागतं. रत्नागिरी रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटर. जाऊन-येऊन १३० किलोमीटर, गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ९१० रुपये नुसत्या इंधनाचे. एका बाटलीसाठी ही फेरी करू नये. दुसरं काम असेल त्या दिवशीच घ्यावी, आणि निघण्यापूर्वी दुकानात फोन करून माल आहे का ते विचारावं. इंटरनेटवर सापडलेल्या ‘घरपोच दारू’च्या क्रमांकावर आगाऊ पैसे मात्र कधीही पाठवू नयेत.

गोव्याची बाटली

गोव्यात कर कमी, म्हणून तीच बाटली कितीतरी स्वस्त दिसते. पण केवळ गोव्यात विक्रीसाठी असलेलं मद्य परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे आणि महामार्गावर फिरती पथकंही असतात. पकडलं गेलं तर बाटल्या जातात, गुन्हा नोंदला जातो, वाहनही जप्त होऊ शकतं. बाटलीमागे वाचलेले हजार-दीड हजार रुपये एका बाजूला आणि वकील, कोर्टाच्या तारखा, अडकलेली गाडी दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. भाड्याच्या गाडीवर किंवा टेम्पोवर पोट असणाऱ्याने तर हा विचारच करू नये.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं. त्याची पावती घरापर्यंत बाटलीसोबत ठेवावी. गोव्यात मोपा विमानतळावर उतरून रस्त्याने गावी येणाऱ्याने आपण राज्याची हद्द ओलांडतोय हे ध्यानात घेऊन उत्पादन शुल्क कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

पिंप बर्बनचं, व्हिस्की इथली

बर्बनला दर वेळी नवं पिंप लागतं. त्यामुळे सुमारे २०० लिटरचं वापरलेलं पिंप तिथे पुन्हा बर्बनच्या कामाचं राहत नाही. ते स्कॉटलंडला जातं, आयर्लंडला जातं, तसंच भारतातही येतं. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट मुरतो तो मुख्यतः अशाच पिंपांत. २०१२ मध्ये हा माल्ट बाजारात आला आणि २०१७ मध्ये बफेलो ट्रेस बर्बन बनवणाऱ्या अमेरिकेच्या सॅझरॅकने या कंपनीत भागीदारी घेतली. आपल्याच राज्यात नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीचा ‘लॉन्गिट्यूड ७७’ बर्बनच्या पिंपांत मुरतो आणि अखेरीस वाइनच्या पिंपांत ठेवला जातो.

या अखेरच्या टप्प्याला फिनिश म्हणतात. आधी एका पिंपात मुरलेलं मद्य मग शेरी, पोर्ट किंवा वाइनच्या पिंपात काही काळ ठेवतात, म्हणजे त्या लाकडात जिरलेली गोडी आणि फळांचा वास मद्यात उतरतो. फिनिशला जास्त पैसे देण्याआधी लेबलवर दोन गोष्टी शोधा: दुसरं पिंप कशाचं होतं आणि मद्य त्यात किती काळ होतं. पिंपाचं नाव स्पष्ट असेल तर जास्तीची किंमत समजू शकते. नुसतं ‘स्पेशल कास्क’ लिहून चढा भाव लावला असेल तर साधी बाटली घ्या.

आता काळाचे पैसे. पिंपातून मद्य सतत उडत असतं. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण दोन टक्के, गोव्याच्या उष्णतेत डिस्टिलरी सांगते त्याप्रमाणे सुमारे आठ टक्के. या दराने २०० लिटरच्या पिंपात गोव्यात पाच वर्षांनी १३२ लिटर उरतात. स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांनीही १५७ लिटर शिल्लक असतात. लिटरमागे १०० रुपयांचं मद्य भरलं आणि अडकलेल्या भांडवलावर दहा टक्के व्याज धरलं, तर पाच वर्षांनी ते १६१ रुपये होतात. उडालेला वाटा वजा केला की उरलेल्या प्रत्येक लिटरमागे २४४ रुपये पडतात. यात पिंप, गोदाम, मजुरी, कर काहीच धरलेलं नाही.

म्हणून भारतीय माल्टवर मोठं वय लिहिलेलं क्वचित दिसतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. उष्ण हवेत लाकूड आणि मद्य यांचा व्यवहार वेगाने होतो. ‘बारा वर्षांची नाही’ म्हणून चांगला माल्ट नाकारू नये.

बाटली की पेग?

७५० मिलिलीटरच्या बाटलीत ६० मिलिलीटरचे साडेबारा पेग बसतात. बाटली ३००० रुपयांची असेल तर पेग २४० रुपयांना पडतो. परमिट रूममध्ये तीच व्हिस्की ३० मिलिलीटरला २५० रुपये दराने दिली, तर ६० मिलिलीटरचे ५०० आणि त्यावर १० टक्के व्हॅट धरून ५५० रुपये. तरीही कधीच न चाखलेली महाग बाटली घेण्याआधी एक छोटा पेग बाहेर घेणं शहाणपणाचं. २७५ रुपयांत ३००० रुपयांचा निर्णय होतो.

तुलना करताना अल्कोहोलचं प्रमाणही पाहा. ४२.८ टक्क्यांच्या बाटलीत ३२१ मिलिलीटर अल्कोहोल असतं, ५० टक्क्यांच्या बाटलीत ३७५. किंमत सारखी असेल तर दुसऱ्या बाटलीत माल जास्त आहे, पण पेग त्या मानाने लहान घ्यावा आणि पाणी घालावं. छापील किमतीहून जास्त पैसे कुणी मागितले तर पावती घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

पावसाळ्यात कोकणातल्या घरात बाटली उभीच ठेवावी. आडवी ठेवली तर तीव्र मद्य बूच खातं. उजेड आणि स्वयंपाकघराची ऊब टाळावी. अर्ध्यावर आलेली बाटली वर्षभर न ठेवता काही महिन्यांत संपवावी, कारण आतली हवा चव उतरवते.

बोंडूंची भट्टी टाकायची असेल तर

हे विकत घेण्याचं झालं, आता बनवण्याचं. दर हंगामात राजापूर तालुक्यात बागांखाली काजूबोंडूंचा सडा कुजतो. सीमेपलीकडे त्याच बोंडूंची पहिल्या धारेची हुर्राक आणि पुन्हा गाळलेली फेणी होते. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे इथलं मद्य ‘फेणी’ या नावाने विकता येणार नाही. महाराष्ट्राने २०२२ मध्ये काजूबोंडू आणि मोहाच्या फुलांच्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात आणण्याचा निर्णय घेतला. डहाणूची ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ ही मोहाची दारू त्याच वाटेवरचं उदाहरण आहे.

परवान्याशिवाय घरी भट्टी लावणं हा मात्र गुन्हाच आहे. धंद्याचा विचार असेल तर आधी रत्नागिरीच्या उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयातून परवान्याच्या अटी आणि शुल्क लेखी घ्या. मग बोंडू, रस आणि टिकाऊपणा यांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. पिकलेला बोंडू एका दिवसात खराब होऊ लागतो, म्हणून गोळा करणाऱ्यांची मजुरी आणि वाहतूक हाच मोठा खर्च असेल. एकट्या बागायतदाराला तो झेपणं कठीण, गावांनी मिळून करावा असा हा धंदा आहे. पिंपात मुरवण्याचा बेत पहिल्या वर्षी करू नका. न मुरवता विकता येणारं मद्य त्याच हंगामात पैसे परत देतं, पिंप मात्र पाच वर्षं पैसे धरून ठेवतं.

कोणत्या बजेटला काय घ्यावं?

पहिले १००० रुपये आजीवन परवान्याला द्या. बर्बन नवी असेल तर आधी पेग, मग साधी ‘स्ट्रेट’ बर्बन. ती आवडली की बर्बनच्या पिंपात मुरलेला भारतीय माल्ट घेऊन पाहा, म्हणजे लाकडाचा वाटा कोणता आणि धान्याचा कोणता हे जिभेला कळेल. फिनिश केलेली महाग बाटली सगळ्यांत शेवटी, चार जणांनी वर्गणी काढून. कमी प्या, चांगलं प्या आणि प्यायल्यावर गाडीला हात लावू नका.